दाराला टेकवलेला खराटा

आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. सोलापुरात वडील कामगार संघटनेचं काम करायचे आणि पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. त्यामुळे मिशिगनच्या पार उत्तरेला शिकायला गेले तेव्हा थंडीचे कपडे अपुरे होते, पण जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं सोबत होती. ती ऐकायला मात्र कोणी नव्हतं.

एका फिनिश म्हातारीच्या घरात तळघरातली खोली मी भाड्यानं घेतली होती. तिचं गाव फिनलंडमध्ये, रशियाच्या सीमेला लागून. जंगल, तळं, एकमेकांपासून लांब लांब घरं आणि एक चर्च, एवढंच. सीमा हे सत्ताधाऱ्यांनी माणसांवर लादलेलं खोटं आहे, असं मी तिला पहिल्याच आठवड्यात सुनावलं. ती बटाटे सोलत होती.

"आमची गाय एकदा पलीकडे गेली होती," ती म्हणाली. "त्यांनी परत पाठवली. भाषण करत नव्हती ना, म्हणून असेल."

उन्हाळ्यात ती आजारी बहिणीला भेटायला गावी निघाली. टॅक्सी दारात उभी, आणि ही बाई अंगणातला खराटा उचलून पुढच्या दाराला तिरका टेकवते आहे! माझं डोकंच फिरलं. दाराला लिंबू-मिरच्या बांधण्याविरुद्ध आम्ही गल्लोगल्ली पत्रकं वाटली होती.

"अमेरिकेत राहून तुम्ही असलं मानता?"

"मानायचं काय त्यात? घरात कोणी नाही, एवढंच. आमच्या गावात कुलपं नव्हती. लांबून खराटा दिसला की येणारा परत फिरतो. तेवढीच पायपीट वाचते."

"पण मी आहे ना घरात!"

"मग काढ." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझ्याकडे येतं कोण, पोरी? आलेल्याला तू बसायच्या आधी शिकवायला लागतेस."

ती गेली. मी खराटा काढला नाही. माणसांची वाट बघत बसणं मला कमीपणाचं वाटे. सुट्टीमुळे विद्यापीठ ओस पडलं होतं. संध्याकाळी एकटीपुरता भात लावायचा, तोही उरायचा. ऊन तर मावळायचं नावच घेत नसे. कोणाशी एक शब्द न बोललेला दिवस लांबतच जायचा.

जवळच म्हातारीच्याच गावाकडचे एक गृहस्थ राहायचे. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायचे. दर रविवारी ते तिच्याकडे कॉफीला येत. ती गेल्यावरही रविवारी तळघराच्या खिडकीतून मला त्यांचे बूट दिसले. फाटकाशी आले, थांबले, वळले. पुढच्या रविवारीही तसंच. मी आत होते, दिवा लावून बसले होते, आणि त्यांच्या लेखी घरात कोणी नव्हतं. काचेवर टकटक करावीशी वाटली. हात उचलला नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी खराटा काढून दाराआतल्या कोपऱ्यात ठेवला, शिरा केला, म्हातारीच्या स्वयंपाकघरात कॉफी उकळत ठेवली आणि वाट बघत बसले. हो, वाटच बघत बसले.

पायऱ्या वाजल्या. दार उघडलं तर काकांचा चेहरा केवढा खुललेला.

"आली ना ती?"

"नाही. अजून तिकडेच आहेत."

"मग खराटा?"

"मी आहे."

त्यांनी यावर बराच विचार केला. मग बूट काढले, भिंतीशी नीट लावून ठेवले आणि आत आले. शिरा त्यांनी पावावर पसरून खाल्ला. इथल्या बंद पडलेल्या खाणींवर, मालकांवर, सीमांवर माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. मी ते गिळलं आणि त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली. एकदा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिकडे आता रात्रभर उजेड असेल."

निघताना सवयीनं त्यांचा हात कोपऱ्यातल्या खराट्याकडे गेला. त्यांनी तो उचलला, दाराबाहेर नेला. मग वळून माझ्याकडे पाहिलं, आणि होता तिथं परत ठेवून दिला.