बांगडीतल्या पिना

भूगोल मी निवडला नाही. सकाळच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला गेले तेव्हा अर्थशास्त्र भरलं होतं, मानसशास्त्रही भरलं होतं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "भूगोल चालेल?" मी चालेल म्हटलं. मला पदवी हवी होती, कुठल्याही विषयाची. ऑफिसात मी बारावीवर लागलेली. माझ्यामागून आलेल्या मुली पदवीच्या जोरावर पुढे गेल्या आणि मी आवक-जावकच्या टेबलावर राहिले. ते टेबल जिन्याखाली आहे. पंखा आहे, खिडकी नाही. साहेबांनी एकदा स्पष्टच सांगितलं होतं, "पदवी आणा, मग बघू."

कॉलेज परळला, ऑफिस प्रभादेवीला, घर लालबागला. सगळं पायी. त्या वर्षी मी वाळवंटं कशी तयार होतात ते शिकले, समुद्रातले प्रवाह शिकले, आणि या तीन ठिकाणांच्या बाहेर मात्र माझं पाऊल पडलं नाही. वर्गात जगाचा नकाशा भिंतभर लावलेला असायचा. मॅडम छडी फिरवत अटलांटिक ओलांडायच्या आणि मी मनात हिशेब करायची की आईंच्या औषधाची वेळ चुकते का.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. संडासात पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण जिना उतरणं कायमचं संपलं. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. दिवसभर त्या गॅलरीत खुर्चीवर बसतात. भाजीवाला आला की कठड्याला बांधलेली टोपली दोरीने खाली सोडतात आणि घासाघीस करून वर ओढतात. दिवसा एक बाई येते, संध्याकाळपासून सकाळपर्यंत मी. नवरा मॉलमध्ये एसीच्या देखभालीवर आहे, त्याची पाळी कधी कुठली लागेल याचा नेम नसतो.

त्यामुळे वर्गाचा कोकणचा तीन दिवसांचा दौरा जाहीर झाला तेव्हा मी घरी विषयसुद्धा काढला नाही. दौऱ्याचा अहवाल हेच प्रात्यक्षिक होतं. तो नाही तर प्रात्यक्षिकात नापास, आणि पहिलं वर्ष गेलं. मी मॅडमना खरं ते सांगितलं. त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत आणि मला ताई म्हणतात. त्या म्हणाल्या, "दौऱ्याऐवजी तुम्ही तुमच्या परिसराचं होकायंत्राने सर्वेक्षण करून आणा, ताई. पण नीट हवं. यावरच तुमचं वर्ष आहे."

परिसर म्हणजे आमच्या चाळीचं अंगण. जिथून सुटायला मी कॉलेजात जात होते, तेच मोजून आणायचं होतं.

पद्धत सोपी आहे. अंगणाभोवती पाच-सहा जागा ठरवायच्या. पहिल्या जागी उभं राहून होकायंत्र डोळ्याला लावायचं, दुसऱ्या जागी कुणीतरी धरलेल्या काठीवर नेम धरायचा आणि आतल्या चकतीवरचा कोन वाचायचा. मग दुसऱ्या जागेवरून उलटा पहिल्या जागेचा. या दोन कोनांत बरोबर एकशे ऐंशीचा फरक यायला हवा. अंतर टेपने मोजायचं. असं फिरत फिरत परत पहिल्या जागी यायचं आणि घरी कागदावर रेघा काढायच्या. शेवटची रेघ पहिल्या बिंदूला येऊन मिळाली, की नकाशा बंद झाला.

रविवारी काठी धरायला नवऱ्याला खाली उतरवलं. पहिली जागा सार्वजनिक नळाजवळ.

"सरळ धरा हो."

"सरळच आहे. तूच वाकडी उभी आहेस."

"मी वाकडी असले तरी चालेल, काठी नको."

एवढ्यात तळमजल्यावरचे काका दारात आले. आमच्याकडे टेप घेऊन कुणी अंगणात दिसलं की चाळ पाडायला आले असंच लोकांना वाटतं. "काय वहिनी, बिल्डर आला की काय? आम्हाला न विचारता मोजणी?"

"कॉलेजचं आहे, काका."

"या वयात कॉलेज? मुलीचं का?"

"माझं."

काका आत गेले आणि काकूंना घेऊन बाहेर आले. मग बाकीचेही आले. कोण म्हणालं टॉवर होणार, कोण म्हणालं टॉवरमध्ये किती चौरस फूट मिळणार ते आधी लिहून घ्या. मी कोन वाचत होते आणि वही बगलेत धरून लिहीत होते. वरून सासूबाई सगळ्यांना उत्तरं देत होत्या. "अरे, ती अभ्यास करता! गप ऱ्हवा!"

संध्याकाळी कागदावर रेघा काढल्या. शेवटची रेघ नळाला यायला हवी होती. ती नळ ओलांडून, भिंत ओलांडून शेजारच्या चाळीत जाऊन थांबली.

पुढच्या रविवारी पुन्हा केलं. या वेळी रेघ आमच्याच जिन्यात शिरली. नवरा म्हणाला, "बरं झालं, घरी तरी आली."

मॅडमनी दोन्ही कागद पाहिले. "कोन जुळत नाहीयेत, ताई. आजूबाजूला लोखंड असणार. होकायंत्राची चकती लोखंडाकडे ओढली जाते. पाइप, गाड्या, गटाराची झाकणं बघा. आणि हे शेवटचं हं. पुढच्या सोमवारी मला गुण भरायचेत."

लोखंड शोधायला मी अंगणभर फिरले. नळापासून जागा लांब नेली. चौघांना त्यांच्या मोटरसायकली हलवून ठेवायला सांगून आले, त्यावर एकाने "वहिनी, सोसायटीची सेक्रेटरी कधी झालात?" असं विचारून घेतलं. पण मनात खात्री नव्हती. नळाजवळचा कोनही चुकला होता आणि तुळशीजवळचाही, जिथे लोखंड म्हणून काहीच नाही. शनिवारपर्यंत मला वाटायला लागलं की हे आपल्याला जमणारं नाही. जिन्याखालचं टेबल आहे, तिथेच निवृत्त होऊ.

शनिवारी रात्रीची भांडी आवरल्यावर होकायंत्र टेबलावर ठेवलं होतं. सासूबाईंच्या गाऊनचं बटण तुटलं, म्हणून बांगडीतली एक पिन काढायला मी हात पुढे केला. सगळ्या बायका अडकवतात तशा माझ्याही डाव्या हाताच्या बांगडीत कायम पाच-सात पिना असतात. पदराला, पिशवीच्या बंदाला, तुटलेल्या हुकाला, कशालाही लागतात. हात होकायंत्रावरून गेला आणि चकती वळली.

मी हात लांब नेला. चकती परत आली. जवळ नेला, पुन्हा वळली. याच हातात होकायंत्र धरून मी दोन रविवार अख्ख्या चाळीसमोर नेम धरत होते. लोखंड अंगणात नव्हतं. मीच ते सगळीकडे घेऊन फिरत होते.

पिना काढून डब्यात टाकल्या. मग होकायंत्र डोळ्याला लावलं, खाली केलं, वर केलं. चकती अजून किंचित हलत होती. आता गळ्याखेरीज काही उरलं नव्हतं. खरं मंगळसूत्र रस्त्यात ओढून नेतात म्हणून आम्ही रोजचं खोटं घालतो. त्या खोट्यातले मणी तारेत ओवलेले होते, आणि ती तार कसली होती ते चकतीने सांगितलं.

नवरा हसत सुटला. "वीस वर्षं सोन्याचा मुलामा सांगून लोखंड विकलं त्या दुकानदाराने!"

रविवारी उजेड उतरायच्या आत काम संपवायचं म्हणून दुपारीच खाली उतरले. पिना घरी, मंगळसूत्र कपाटात. पहिला कोन वाचला, मग उलटा. एकशे ऐंशीचा फरक. हायसं वाटलं, आणि तेवढ्यात वरून हाक आली.

"गो! गळो मोकळो कित्याक?"

सगळं अंगण माझ्या गळ्याकडे बघायला लागलं.

"लोखंड आहे त्यात, आई. होकायंत्र बिघडतं."

"यंत्राचा काय सांगतंस माका? नवरो समोर काठी घेऊन उभो आसा आणि तुझो गळो मोकळो! लोका काय म्हणतली?"

काकूंनी लगेच मान हलवली. नवरा काठीकडे बघत राहिला. मी वर बघून म्हटलं, "तासाभराचं काम आहे."

"थांब थंयसर."

टोपली दोरीने खाली आली. आत काळा दोरा आणि त्यात बांधलेलं हळकुंड. मंगळसूत्र तुटलं की नवं ओवेपर्यंत बायका हळकुंड बांधतात, तसं. बसल्या जागी, खुर्चीतून, एवढ्या वेळात त्यांनी ते कुणाकडून मागवलं आणि कसं बांधलं, देव जाणे.

एक तासही गळा मोकळा ठेवता येत नाही, याचा मला संताप आला. तो मी गिळला. वाद घातला असता तर उजेड गेला असता. दोरा बांधला, होकायंत्र डोळ्याला लावलं. चकती जागची हलली नाही. हळदीचं तिला काही नव्हतं.

संध्याकाळी शेवटची रेघ पहिल्या बिंदूला येऊन मिळाली. केसभर फट राहिली, तेवढी चालते. सोमवारी मॅडमनी पाहिलं, सही केली आणि विचारलं, "शेवटी कुठे होतं लोखंड?" मी हात पुढे करून रिकामी बांगडी दाखवली. त्या आधी हसल्या, मग त्यांनी स्वतःच्या बांगडीकडे पाहिलं. पास झाले. सही करता करता त्यांनी हेही सांगितलं की दुसऱ्या वर्षाच्या दौऱ्याला अशी सवलत नाही. चार दिवस, आणि यायचंच.

घरी नकाशा सासूबाईंना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. नळ ओळखला, तुळस ओळखली.

"ह्येच्यात मी खंय आसंय?"

"नकाशा वरून पाहिल्यासारखा असतो, आई. त्यात मजले दिसत नाहीत."

"म्हणजे मी नाय."

"नाही."

"आणि तू?"

"मोजणारी पण नसते त्यात."

कागद त्यांनी मांडीवरच ठेवला. नवरा जेवत होता. तेव्हाच बोलून टाकलं. पुढच्या वर्षी चार दिवस जावं लागेल, नाहीतर हे सगळं फुकट. नवरा म्हणाला, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे काय, ते मला लग्नापासून माहीत आहे.

"बघू नको," मी म्हटलं. "रात्रीची बाई आत्तापासून शोधा."

तो भात कालवत राहिला. सासूबाई गॅलरीकडे बघत होत्या. दोन वर्षांपासून त्या त्याच कठड्यामागून तेच अंगण बघताहेत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"जातलंस तर पिना हयसरच ठेव," त्या म्हणाल्या. "नायतर थंय पण वाट चुकतलंस."

नवऱ्याने वर पाहिलं. रात्रीची बाई अजून मिळालेली नाही. शोध चालू आहे.