खांबाला घातलेला हार

महादेवरावांना स्वतःशिवाय कोणाचंच काही पटत नसे. सारी नोकरी त्यांनी अकोटच्या एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवली. निवृत्त झाल्यावरही आपण तोंड उघडल्याशिवाय या मुलखात चाक हलत नाही, हा समज काही गेला नाही. घरी बायकोने, लीलाबाईंनी, चहाचं आधण ठेवलं, की साखर कधी टाकायची तेसुद्धा ते बाहेरच्या खोलीतून सांगत.

अशा माणसाच्या हाती कोणीतरी आभाळ दिलं. कपाशीवर आणि तुरीवर फवारणी करणारे ड्रोन हंगामात इतके वाढले, की ते एकमेकांवर आदळू नयेत म्हणून एका कंपनीने अकोटजवळ केंद्र उघडलं. केंद्राच्या गच्चीवर एक खांब, आणि खांबावर सेन्सर: दोन कॅमेरे आणि ड्रोनच्या पंख्यांचा आवाज टिपणारी जाळीची डबी. आसपास उडणारा प्रत्येक ड्रोन खालच्या पडद्यावर हिरवा ठिपका होऊन दिसे. दोन ठिपके जवळ आले की यंत्र ओरडे, आणि खुर्चीवरच्या माणसाने फोन करून एकाला थांबवायचं. काम एवढंच. महादेवरावांनी मात्र अंजनगावात, आपल्या गल्लीत सांगितलं, "आता इमानं माह्या शब्दावर चालतात."

उडवणाऱ्या पोरापोरींना ते कस्पटासमान लेखत. त्यातही पायलला जास्त. ती बचत गटाच्या बायकांनी मिळून घेतलेला ड्रोन चालवायची, आणि उडवण्याआधी नेमाने फोन करायची. पडदा रिकामा असला तरी महादेवराव तिला म्हणत, "थांब जराशी." तिने दुसऱ्यांदा विचारलं की मग परवानगी. एवढ्यासाठी ते तिला उन्हात ताटकळत ठेवत.

दसऱ्याला सगळीकडे यंत्रांची पूजा होते. केंद्रात झाडलोट करणाऱ्या चतुराबाईंनी पडद्यासमोर दोन फुलं वाहिली, हात जोडले. महादेवरावांना ते अगदीच किरकोळ वाटलं. त्यांनी झेंडूचा जाडजूड हार ओवला, शिडी लावून गच्चीवरच्या खांबावर चढले, जाळीच्या डबीला हाराचे तीन वेढे दिले आणि दोन्ही कॅमेऱ्यांच्या काचांवर मधोमध तेलात कालवलेल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. देवाला लावतात तसा. पूजेचा हार त्याच दिवशी काढायचा नसतो, म्हणून तो राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायलचा फोन आला.

"काका, आभायात कोनी हाय का?"

पडदा कोरा होता. हंगामाच्या ऐन दिवसांत एकही ठिपका नाही, याचं शेंबड्या पोरालाही नवल वाटलं असतं. महादेवरावांना वाटलं नाही. "मोकयं हाय सारं. उडव."

अंजनगावच्या बाजूने दुसरा ड्रोन येत होता. तुरीच्या वर दोघे भिडले. पायलचा ड्रोन औषधाच्या टाकीसकट खाली आला आणि कापूस वेचणाऱ्या बायकांपासून हातभर अंतरावर फुटला. कोणाला लागलं नाही, ते त्या बायकांचं नशीब.

संध्याकाळी पायल केंद्रात आली. तिने गच्चीकडे बोट केलं. "काका, त्याचे डोये अन् कान तुमीच बुजवले. आता खरं सांगजा. माहा परवाना जाईन."

महादेवरावांनी नाक उडवलं. चौकशी होईपर्यंत कशालाही हात लावू नका, असा कंपनीचा निरोप आला होता, त्यामुळे हार काढायची सोयही उरली नव्हती. मग या गृहस्थांनी काय करावं? जबाबात म्हटलं, पोरीने न विचारता उडवला. आणि चतुराबाईंना बाजूला घेऊन बजावलं, "हाराचं इचारलं तर तुमी केली म्हना पूजा. बाईमानसाले कोनी काही करत नाही. नाहीतर उद्यापासून येऊ नका." इतक्या वर्षांच्या ऐटीतून शेवटी निघालं ते हे.

चौकशीला अमरावतीहून संध्या मॅडम आल्या. त्यांनी हार उतरवून टेबलावर ठेवला. पायल भिंतीशी उभी होती.

"हा कोणी घातला?"

"म्या घातला," चतुराबाई म्हणाल्या. "कुकूबी म्याच लावलं, पायलचा फोन आला त्याच्या आदल्या दिशी."

मॅडमनी हार बोटांनी चाचपला. झेंडूच्या मधून मधून शेवंती होती, प्रत्येक फूल सारख्या अंतरावर. "सुरेख ओवलाय हो बाई. आजकाल असं कोण करतं?"

महादेवराव खुर्चीत चुळबुळले. आपल्या हातची वाहवा एका झाडूवालीच्या पदरात पडतेय, हे त्यांना सोसवेना. परवाना, जबाब, खुर्ची, सगळं त्या क्षणी त्यांच्या डोक्यातून गेलं.

"तिले कुठं ओवता येते, मॅडम? तो माह्या हातचा हाय. शेवंती मधात घालाची अक्कल माही. टिळेबी मीच रेखले."

मॅडमनी लिहून घेतलं: हार आणि टिळे महादेवरावांचे, आणि पायलने फोन केला होता. चतुराबाई पदराने तोंड पुसत मटकन खाली बसल्या. पायलचा परवाना त्याच दुपारी मोकळा झाला आणि महादेवरावांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

संध्याकाळच्या एसटीत ते खिडकीशी बसले. शेजारच्या अनोळखी माणसाने विचारलं, काय करता?

"आज अमरावतीच्या मोठ्या मॅडम आल्या होत्या," महादेवराव म्हणाले. "माह्या हाराची लय तारीफ केली त्यायनं."