वाघोलीपर्यंत मिटलेला मोगरा

मे महिन्यात मोगरा कुणासाठी थांबत नाही. सकाळी घट्ट मिटलेली कळी दुपारीच उमलते आणि बायका गजरा माळायला घेतात त्या वेळी तपकिरी पडलेली असते. स्वारगेटजवळ गजरे विकणाऱ्या ललिताबाई इंगोले यांचं अर्धं आयुष्य या एका गोष्टीशी भांडण्यात गेलं. ओलं फडकं, केळीचं पान, सावली, पुन्हा ओलं फडकं. स्टँडवरच्या गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं. गाडी सुटेपर्यंत गजरा टिकला की झालं.

पण त्यांना लग्नाची कामं हवी होती. गेल्या उन्हाळ्यात तसं एक काम मिळालं. खराडीत नवऱ्या सजवणाऱ्या नम्रताने मोगऱ्याची वेणी मागवली. वेणी पोचली, नम्रताने पान उघडलं, वास घेतला आणि पान तसंच मिटवलं.

“मावशी, मी मोगरा सांगितला होता. ही चहाची पत्ती आहे.”

ते वाक्य ललिताबाई वर्षभर विसरल्या नाहीत. यंदा नवऱ्याच्या, पोपटरावांच्या रिक्षात बसून त्या बॅटरीवर चालणारा कूलबॉक्स आणायला गेल्या. दुकानदाराने आधी एक स्वस्त, हलका डबा पुढे केला.

“हा बाहेरच्या हवेपेक्षा बराच गार राहतो.”

“बाहेर भट्टी असेल तर?”

“तर आत भट्टीपेक्षा गार.”

“आणि बाहेर थंडी असेल तर?”

“मग तर एकदम गार.”

“थंडीत मी डबा कशाला घेऊ?”

दुकानदाराने फळीवरून दुसरा, जड डबा उतरवला. त्यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर होता. बॅटरी काढून घरी चार्ज करता येत होती, झाकणाला जाड रबर होतं आणि पाहिजे तो तापमानाचा आकडा लावता येत होता. पोपटरावांनी तो उचलून पाहिला.

“डबा आहे की भरलेला सिलिंडर?”

“तुम्हाला डोक्यावर न्यायचाय का? रिक्षा कशाला आहे?”

पहिल्याच दिवशी घोळ झाला. फूलवाल्याचा हात पाण्याशिवाय राहत नाही. ललिताबाईंनी सवयीने कळ्यांवर पाणी शिंपडलं आणि जितकं गार तितकं चांगलं म्हणून आकडा पार खाली नेला. संध्याकाळी तळाचं पाणी गोठलेलं. त्यातल्या कळ्या बाहेर काढताच काळ्या पडल्या. दुसऱ्या खेपेपासून कळ्या कोरड्या, केळीच्या पानात, वर सुती फडकं, आकडा दहावर. डबा रात्रभर घरच्या विजेवर आधीच गार केलेला. आणि झाकण उघडायचं ते पोचल्यावरच. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

मग त्यांनी नम्रताला फोन केला.

“मावशी, पुन्हा पत्ती?”

“एकदा बघा. नाही आवडलं तर परत फोन करणार नाही.”

नम्रताने वाघोलीच्या एका लॉनवरचं संध्याकाळचं लग्न दिलं. नवरीच्या, अवनीच्या, अख्ख्या अंबाड्यावर कळ्यांची जाळी हवी होती. जमलं तर जूनपर्यंतची सगळी लग्नं ललिताबाईंची. नाही जमलं तर दुसरा फूलवाला तयारच होता.

लग्नाच्या दुपारी नगर रस्त्यावर गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. रिक्षात सीटमागे ठेवलेल्या डब्यातून अचानक टीं-टीं असा आवाज सुरू झाला. ललिताबाईंनी मागे हात घातला तर हाताला ओलं गोणपाट लागलं.

“अहो, हे काय गुंडाळलंय?”

“ऊन किती आहे! निघताना चांगलं भिजवून गुंडाळलं मी.”

“हा माठ आहे का?”

“माठ राहतो ना गार?”

पोपटरावांचंही चुकलं म्हणता येत नव्हतं. घरच्या माठावरचं गोणपाट भिजवणं हे त्यांचंच काम. पण माठ गप्प बसून गार होतो. हा डबा आतली उष्णता बाजूच्या जाळीतून बाहेर टाकतो आणि ती जाळीच गोणपाटाखाली बंद झाली होती. डब्याची ती बाजू तव्यासारखी तापलेली. आकडा सोळावर गेला होता आणि यंत्र आपणहून थांबलं होतं.

“उघडून बघ की,” पोपटराव म्हणाले. “थोडं पाणी मार.”

ललिताबाईंचा हात झाकणापर्यंत गेला. तिथेच थांबला. आत उरलाय तेवढाच गारवा. झाकण उघडलं की अख्खा नगर रस्ता आत शिरणार. त्यांनी गोणपाट काढून फेकलं, डबा सीटवर ओढला, जाळी मोकळी ठेवली आणि बाजूने येणाऱ्या उन्हाला छत्री आडवी धरली. पोपटराव मागे वळून वर्तमानपत्राने जाळीला वारा घालू लागले.

शेजारच्या मोटारसायकलवाल्याने विचारलं, “काका, आत पेशंट आहे का?”

“नवरी आहे,” ललिताबाई म्हणाल्या.

डब्याची बाजू निवली तसं त्यांनी बटण दाबलं. घरघर सुरू झाली. आकडा बराच वेळ सोळावर अडून बसला. मग पंधरा. वाघोली आली तेव्हा बारा.

नम्रताने स्वतः झाकण उघडलं. जाळीत ओवलेल्या कळ्या पांढऱ्याशुभ्र, गच्च मिटलेल्या. तिने जाळीची कड नाकाशी नेली.

“वासच नाही!”

“अजून मिटलेल्या आहेत. लग्न कितीला?”

“सातला.”

“मग वास सातला येईल.”

नम्रताने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि जाळी माळायला घेतली. मंगलाष्टकं चालू असताना अंबाड्यावरच्या कळ्या एकेक करून सुटल्या. पहिल्या रांगेतल्या बायका अक्षता टाकायच्या सोडून वास कुठून येतोय ते बघू लागल्या.

नम्रता बाहेर रिक्षापाशी आली. “मावशी, जूनपर्यंतच्या माझ्या सगळ्या तारखा तुमच्या. डबा मात्र हाच.”

“डबा हाच,” ललिताबाई म्हणाल्या आणि त्यांनी पोपटरावांकडे पाहिलं. “माणूस बदलावा लागतो का, तेवढं बघते.”

माणूस बदलावा लागला नाही. नवं गोणपाट आलं, ते माठावर असतं. आणि डब्याच्या जाळीसमोर काही आलं, तर सगळ्यात आधी पोपटरावच ओरडतात.