लीलाबाईंच्या मागे, डावीकडे

सावंतकाकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. त्या आत्याच्या समोरच्या घरात राहतात, आणि त्यांचा फोन म्हणजे बहुतेक वेळा तक्रारच. आत्याने लिफ्टमध्ये कुणालातरी झापलं, आत्याने पुन्हा प्रेशरची गोळी घेतली नाही... त्यामुळे मी जरा वैतागूनच फोन उचलला. "मिलिंदा, आत्या उठना नाय रे. तू ये," एवढंच त्या म्हणाल्या. मुलुंडहून विक्रोळी काही लांब नाही. रिक्षात बसल्यावर मनात आलेला पहिला विचार सांगायची लाज वाटते, पण गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना खोटं कशाला लिहायचं. मला वाटलं, आता ती नाही म्हणायला उरली नाही. आता ती ओळ दुरुस्त करता येईल.

ती ओळ म्हणजे एका माहितीपटात आत्याच्या नावापुढे आलेला एक शब्द. माहितीपट लीलाबाईंवरचा. आमच्या वस्त्यांमधून भीमगीतं आणि लोकगीतं गाणाऱ्या लीलाबाई ज्यांनी ऐकल्या, त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी ऐकल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : आमच्याकडे जयंतीच्या मंडपात खुर्च्या नंतर लागत, आधी लीलाबाईंची तारीख ठरे. आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण पार्वती, त्यांच्या गाण्याच्या पार्टीत बावीस वर्षं कोरसला होती. लीलाबाईंच्या मागे, डावीकडे, एक पाऊल सोडून. लीलाबाईंनी ओळ म्हणायची, कोरसने तिचा शेवट उचलायचा आणि पुढची ओळ येईपर्यंत तो खाली पडू द्यायचा नाही, हे तिचं काम.

पार्टी बंद पडली, पण काम काही सुटलं नाही. समोरच्याच्या वाक्याचा शेवट उचलायची तिला इतकी सवय होती की तिच्याशी बोलणं म्हणजे डोक्याला ताप. "आत्या, मी निघतो." "...निघतो." "भाजीत मीठ कमी आहे." "...कमी आहे." होकार नाही, नकार नाही, नुसता शेवट. एकदा दूधवाला मला म्हणाला, बाई चेष्टा करतात काय? मी लग्नासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा तिला सोबत नेलं होतं. मुलीचे वडील म्हणाले, "आमची मुलगी तशी तापट आहे." आत्या म्हणाली, "...तापट आहे." जमलेलं लग्न तिथेच मोडलं असतं, पण मुलगी आतून हसली आणि निभावलं. ती मुलगी आता माझी बायको आहे, आणि तापट आहे.

पण हेही लिहिलं पाहिजे. मी मेहकरहून बारावी होऊन आलो तो आत्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं. अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं की मला झोप येई. आत्याने सांगितलं, मोठ्याने वाच. मी वाचायचो, ती लसूण सोलत प्रत्येक वाक्याचा शेवट उचलायची. "मागणी वाढली की किंमत वाढते." "...किंमत वाढते." सातवी शिकलेल्या बाईने माझ्याकडून तीन वर्षं असं वाचून घेतलं. परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर लिहिताना मला पुस्तक आठवत नसे, तिचा आवाज आठवे. माझ्या पदवीच्या कागदावर माझ्या एकट्याचं नाव आहे, हीसुद्धा तशी चूकच आहे.

लीलाबाई वारल्यानंतर काही वर्षांनी माहितीपट करणारी मुलं आत्याला शोधत आली. शोधत आली म्हणजे मीच त्यांना शोधून काढलं होतं. मी रजा टाकली, आत्याची मोतिया रंगाची साडी इस्त्री करून आणली, सावंतकाकूंना मिक्सर लावू नका म्हणून विनवलं. आवाज येतो म्हणून त्या मुलांनी पंखा बंद केला. त्या उकाड्यात आत्या तीन तास बोलली, आणि तीन तास फक्त लीलाबाईंबद्दल बोलली. लीलाबाई ट्रकच्या फाळक्यावर उभ्या राहून कशा गायच्या, कॅसेट निघाल्यावर पहिली कॅसेट ढोलकीवाल्याच्या आईला कशी दिली, लांबच्या प्रवासात कोरस जेवल्याशिवाय स्वतः कशा जेवायच्या नाहीत. मी कॅमेऱ्यामागून हातवारे करत होतो, स्वतःबद्दल बोल म्हणून. तिने मलाच विचारलं, "मिल्या, मुंग्या चावतात का रे?" शेवटी दिग्दर्शक मुलीने वही मिटता मिटता विचारलं, "म्हणजे आजी, तुम्ही पहिल्यापासून त्यांच्या चाहत्याच?" आणि आत्या नेहमीसारखी म्हणाली, "...चाहत्याच." मी तिथेच उभा होतो. मला ते ऐकूही आलं नाही, इतकी सवय झालेली.

माहितीपट मात्र सुंदर झाला, हे मान्य केलं पाहिजे. आम्ही तो आत्याच्या घरी टीव्हीवर पाहिला. ती, मी, माझी बायको आणि सावंतकाकू. लीलाबाईंची शाळा सुटली ते गाव, ती पहिली काळी-पांढरी छायाचित्रं, हातातला रुमाल, गाण्याआधी पायातली चप्पल काढून बाजूला ठेवायची पद्धत... सगळं होतं. आवाज कसा होता म्हणाल, तर चुलीवरच्या भाकरीसारखा, कडेला जरा करपलेला आणि म्हणूनच गोड. एका पिढीला त्या बाईने मान वर करून गायला शिकवलं. हे कुणीतरी एकदा नीट दाखवायला हवं होतं, ते या मुलांनी दाखवलं. मग आत्या आली. अकरा सेकंद. आणि खाली नाव : पार्वती, चाहती.

मी काही बोलणार तोच घाटकोपरच्या मैदानातला लीलाबाईंचा शेवटचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. वय झालेलं, तरी वरचा सूर लागला तो असा की अंगावर काटा यावा. निवेदक म्हणाला, उतारवयातही हा दमसास थक्क करतो. त्याच वेळी कुणीतरी हार घेऊन स्टेजवर आलं. लीलाबाईंनी मान खाली घातली, हार गळ्यात पडला, त्यांचे ओठ मिटलेले होते आणि सूर चालूच होता. त्यांच्या खांद्यामागे, डावीकडे, माइकच्या दांडीने अर्धा चेहरा झाकलेली एक बाई तोंड उघडून उभी होती.

"आत्या, ही तू आहेस. हा सूर तुझा आहे."

"चहा टाक रे बापा. काकू कधीच्या बसल्यात."

त्या आठवड्यात मी तिच्याशी जेवढा भांडलो तेवढा आयुष्यात कुणाशी भांडलो नाही. शेवटची चार वर्षं लीलाबाईंचा वरचा सूर लागत नव्हता आणि तो आत्या लावत होती, हे तिने कबूल केलं, तेही मेथी निवडता निवडता, जणू कुणाच्या तरी घरची भांडी घासल्याचं सांगावं तसं. मी म्हटलं, मी त्या मुलीला आजच कळवतो. ती म्हणाली, कळवायचं नाही. मी म्हटलं, निदान चाहती काढून कोरस तरी करायला सांगतो.

"कोरस लिहिलं की विचारतील कुठे गायलीस. मग तू सांगशील. तुझ्या पोटात राहत नाही."

"मग कळू दे की लोकांना. बावीस वर्षं मागे उभी राहिलीस."

"मागे उभी राहायला मला कोणी बांधलं नव्हतं, मिल्या."

मग तिने सांगितलं. माझी एक आतेबहीण होती, महिन्याची होऊन गेली. त्यानंतर पंधराव्या दिवशी पार्टीचा कार्यक्रम होता. आत्या हट्टाने गेली. पहिल्याच गाण्यात बाळाचा शब्द आला आणि तिचा गळा बंद झाला. कोरसची दुसरी बाई नवखी, ती भांबावली. लीलाबाईंनी ओळ म्हटली, गर्रकन पाठ फिरवली, आत्याकडे तोंड करून आवाज बदलून तिचा शेवट स्वतःच उचलला, आणि पुन्हा लोकांकडे वळून पुढची ओळ घेतली. पूर्ण कार्यक्रम असा. लोकांना वाटलं, आज बाई नाचत गातायत. टाळ्या पडल्या.

"सकाळपर्यंत त्यांचा घसा बसला. दोन महिने बसला. त्यांनी कुणाला सांगितलं का, की पार्वतीचं मी गायले? या पिक्चरमध्ये आहे का ते?"

"नाही."

"मग माझंच कशाला पायजे?"

मी आणखी चिडलो. पदवीधर माणसाला उत्तर नसलं की असं होतं. मी वचन दिलं, पण तोंड वाकडं करून दिलं.

आत्याच्या आदरांजली सभेत मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "पार्वतीआत्या लीलाबाईंच्या फार मोठ्या चाहत्या होत्या, आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलंच." माझ्या बायकोने माझा दंड धरून ठेवला, नाहीतर मी उठलो असतो. घरी आल्यावर मी दिग्दर्शक मुलीला पत्र लिहिलं. तीन मसुदे फाडले. प्रत्येक वेळी वरच्या सुराशी आलो की ते पाठ फिरवून गाणं आठवायचं. एकीचं सांगायचं तर दुसरीचं झाकता येत नव्हतं. शेवटी दोन्ही लिहिलं, आत्याचा नकारही लिहिला, आणि विचारलं, की फक्त एक शब्द बदलता येईल का. चार दिवसांनी तिचं उत्तर आलं. ते रेकॉर्डिंग तिने पुन्हा ऐकलं होतं. लिहिलं होतं, आजी प्रत्येक प्रश्नाचा शेवट परत म्हणत होत्या, मला ते तेव्हा कळायला हवं होतं. नवी प्रत निघते आहे. त्यात ओळ असेल : पार्वती, कोरस. बाकीचं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मी इथे सांगितलं. आत्या असती तर आठ दिवस माझ्याशी बोलली नसती. पण तिचा सवाल बरोबर होता, लीलाबाईंचं राहून गेलं होतं. ते सांगायचं तर हिचंही सांगावं लागतं. आत्या, माझ्या पोटात राहत नाही, हे तुला माहीतच होतं.

परवा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "ही फाइल सोमवारपर्यंत द्या." मी म्हणालो, "...सोमवारपर्यंत द्या." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी फाइल उचलली आणि एक पाऊल मागे सरकलो.