लाल बटनावरचा हार

राजूरचा गणपती माझ्यावर रुसलाय, असं मला त्या आठवड्यात सारखं वाटत होतं. वाटूरजवळच्या एका खदानीत मी दगड वाहणारा मोठा डंपर चालवतो. दर चतुर्थीला राजूरला जायचं, तिथला हार आणायचा आणि गाडीच्या पुढच्या लाल बटनावर लाल कापडासकट घट्ट बांधायचा, ही माझी जुनी रीत. खाली उभ्या माणसाला इंजिन बंद करता यावं म्हणून ते बटन असतं, हे मला माहीत होतं. पण येताजाता कुणाचा तरी धक्का लागून गाडी बंद पडायची, आणि रंगही देवाचाच. म्हणून मी देवालाच तिथं बसवलं होतं.

पाण्याच्या टँकरवर नवीन आलेल्या भीमरावदादांनी एका सकाळी तो हार सोडला. दोन्ही हातांनी वर आणून माझ्या केबिनमध्ये काचेपाशी ठेवला आणि म्हणाले, "देव वर बसवा, भाऊ. बटन मोकळंच पाह्यजे."

मी भडकलो. "तुम्ही देव मानत न्हाई, मंग माझ्या देवाला हात कामून लावला?" चारचौघांत नको नको ते बोललो. हार पुन्हा बांधावा म्हटलं, तर देवाला वाहिलेलं एकदा काढलं की परत वाहू नये, असं आईनं शिकवलेलं. नवीन हार पुढच्या चतुर्थीलाच मिळणार होता. तोवर गाडी देवाविना, या विचारानं मला जेवण गोड लागेना.

चौथ्या दिवशी दुपारी भरलेली गाडी चढावर असताना तेलाचा पाईप फुटला. तापलेल्या इंजिनावर तेल उडालं आणि माझ्या उतरायच्या शिडीपाशीच जाळ उठला. ब्रेक लावला, चावी फिरवली, पण इंजिन बंद होईना. चावीच्या वायरी जळाल्या असाव्यात. इंजिन चालू होतं तोवर तेल उडतच राहिलं आणि जाळ वाढत गेला. केबिन धुरानं भरली. घरच्या दोन लेकी डोळ्यांपुढं आल्या. "बाप्पा" एवढंच तोंडातून निघालं. मी फार भ्यालो होतो, ते कशाला लपवू.

आणि इंजिन एकदम थांबलं. रस्त्यावर पाणी मारत असलेले भीमरावदादा धावत आले होते. त्यांनी बटन दाबलं होतं. तेलाच्या आगीवर पाणी चालत नाही, म्हणून टँकर सोडून ते आग विझवायचा सिलिंडर घेऊन आले होते. पांढऱ्या भुकटीनं जाळ बसला तसे ते ओरडले, "जल्दी उतरा, भाऊ!"

खाली उतरून मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी धरू दिले नाहीत. "दादा, त्या दिशी मी तुमाला लई बोललो."

"बोल्लात खरं. आधी पाणी प्या."

पुढच्या चतुर्थीला राजूरला रांगेत उभा राहिलो. इतकी वर्षं मीच देवाला सांगत आलो होतो, इथं बस, याला सांभाळ, त्याच्यापासून वाचव. त्या दिवशी काहीच सांगावंसं वाटेना. तू कुणाच्या हातानं यायचं ते तूच ठरव, एवढंच म्हणालो आणि भरल्या गाभाऱ्यात मला रडू आवरलं नाही.