सुभेदारांचं मडकं

सुभेदारांना भांडण चालायचं, पण न विचारता घेतलेला निर्णय चालायचा नाही. पलटणीतून पेन्शनीवर येऊन ते वडूजकडच्या आमच्या वाडीत राहिले, ते हा नाद घेऊनच. "जल्मभर हुकूम ऐकला. आता इचारल्याबिगर काय न्हाई," म्हणायचे. घरात कालवण कसलं करायचं यावरसुद्धा हात वर करायला लावायचे. सुभेदारीणबाई वैतागायच्या, "आवं, हात वर करून चूल पेटती व्हय?"

पूर्वी गावाचं काही अडलं की देवाला कौल लावायचे. सुभेदार म्हणाले, "देवाला कशाला तरास? मानसांनाच इचारू." घोंगडीच्या आडोशाला मडकं ठेवायचं. होकार असेल तर ज्वारीचा दाणा टाकायचा, नकार असेल तर हुलगा. बायकांनीही टाकायचा, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे ओसरीवर चार टाळकी बसून परस्पर ठरवायची, ते बंद झालं. घोंगडीआड कुणाला कुणाचा धाक राहिला नाही. शाळेची जागा, यात्रेचा दिवस, सगळं बिनबोभाट पार पडलं. आम्हाला त्यांचा केवढा अभिमान होता!

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावातल्या विहिरी आटल्या, पाणी उरलं ते आमच्या वाडीच्या विहिरीत. तिच्यावर इंजिन बसवून पाणी गावात न्यायचं का, असा प्रश्न निघाला. गाव मोठं, वाडी म्हणजे मूठभर घरं. शेजारचा म्हादबा हात जोडून म्हणाला, "सुभेदार, मडकं नगा मांडू. वाटा ठरवा. दिवसाआड लावू द्या इंजिन."

"समद्यास्नी इचारू," सुभेदार म्हणाले. "मानसं येडी न्हाईत रं."

माणसं वेडी नव्हतीच, तहानलेली होती. लांबून घागरी वाहून गावातल्या बायांच्या माना मोडल्या होत्या. त्यांनी ज्वारी टाकली, त्यांना काय बोल लावायचा? आणि दिवसाआड म्हणायला तर दाणाच नव्हता. मडकं उपडं केलं, ढीग ज्वारीचा. म्हादबा रडायला लागला. सुभेदारांचा चेहरा उतरला, तरी म्हणाले, "आपुन हरलो म्हनून नेम मोडायचा व्हय?" इंजिनाला जागाही त्यांनीच साफ करून दिली.

उन्हाळा सरायच्या आत विहिरीचा तळ दिसला. वाडी उठली. कोण कराडला गेलं, आम्ही रहिमतपूरला. म्हादबा बिऱ्हाड घेऊन सुभेदारांच्या दारावरून गेला, पण बोलला नाही. शेवटी सुभेदारही सांगलीला लेकाकडे गेले.

पुढं पाऊसपाणी बरं झाल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. खाटेवर पडून होते, पार वाळले होते. गावाचं विचारलं. कानावर आलेलं मी सांगितलं, विहीर भरली, गावानं पुन्हा मडकं मांडलं आणि इंजिन कायमचं ठेवायचं ठरवलं.

"हुलगं किती पडलं?"

"एकबी न्हाई. एकमतानं झालं."

ते कोपरावर टेकून जरा उठले. मग हळूच म्हणाले, "म्हादबा न्हाई, आमी न्हाई... कुनाच्या ध्यानात तरी आलं का रं?"

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलावं, असं फार वाटलं. पण मी म्हणालो, "न्हाई."