ओहोटीमास्तरांचा आवाज

ज्यांना सहल म्हणजे काय ते कळत नाही, नेमके तेच लोक सहलीच्या कंपन्या का काढतात, देव जाणे. गाडी आली, गाडीत पाण्याच्या बाटल्या आल्या, झाली यांची सहल! अहो, मग ओहोटीमास्तर एकोणतीस वर्षं काय झक मारत होते?

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. एका दिवसात तीन जुनी बंदरं दाखवून आणणारे ते एका सहल-कंपनीचे गाईड. एक गाडी, एकच कुटुंब, सकाळी निघायचं आणि दिवेलागणीला घरपोच. पहिल्या गावात दीपगृह, दुसऱ्यात वखारी आणि जकातघर, तिसऱ्यात समुद्रातला किल्ला. आता पहिलं, दुसरं, तिसरं हे आपलं सांगण्यापुरतं. कारण किल्ल्यावर जायची वाट दगडी, पाचशे-सहाशे पावलांची, आणि ती फक्त ओहोटीला उघडी पडते. ओहोटी काही कंपनीची नोकर नाही. ती रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते. म्हणून मास्तर आदल्या संध्याकाळी भरती-ओहोटीची चोपडी काढून बसत आणि उद्या किल्ला आधी, शेवटी की दोन गावांच्या मधे, ते ठरवत. कधी पाहुण्यांना उजाडायच्या आत गाडीत बसवत. पाहुणे कुरकुरले की म्हणत, समुद्राशी तुमचं बोलणं झालं असेल तर सांगा, आपण खुशाल दहाला निघू. त्यावरून कुणीतरी त्यांना ओहोटीमास्तर म्हणालं आणि ते नाव जन्माचं चिकटलं. रागावली की बायकोसुद्धा त्यांना ओहोटीमास्तर म्हणायची, आणि ती बरेचदा रागवायची. मुलीच्या लग्नाची वेळ ठरत असताना या गृहस्थानं आधी चोपडी उघडली होती, मग तिनं तरी काय करावं?

त्यांचा आवाज काही खणखणीत नव्हता. जरा घोगरा, खालच्या पट्टीतला, आणि नवीन वाक्य सुरू करायच्या आधी बारीकसं खाकरायची सवय. पण जकातघराच्या उंबऱ्यावर पाहुण्यांना बसवून, तराजूच्या पारड्यावर अंगठा दाबून अर्धं गाव लुटणाऱ्या कारकुनाची गोष्ट ते सांगायला लागले, की किरकिरी पोरंही गप्प बसत. दीपगृहाच्या जिन्यात कुठली पायरी झिजलीय, वखारीच्या कुठल्या दारात डोकं आपटतं, हे त्या आवाजात गोष्टीच्या ओघात येऊन जाई. पाहुण्याला वाटे, गप्पा चालल्यात. प्रत्यक्षात मास्तर त्याला हाताला धरून नेत असत. किल्ल्याच्या वाटेवर पाऊल टाकायच्या आधी ते माणसं मोजत आणि परत आल्यावर पुन्हा मोजत. चार जणांचं कुटुंब असलं तरी मोजत. लोक हसत. हसू देत.

मग कंपनीत नवे साहेब आले. वयानं मास्तरांच्या पुतण्याएवढे, बोलायला गोड. त्यांनी मास्तरांच्या कॉलरला एक इवलासा माईक लावला. सेवेचा दर्जा तपासायचा आहे म्हणाले. एका कागदावर सही घेतली, नुसती औपचारिकता आहे म्हणाले. मास्तरांनी चष्मासुद्धा लावला नाही. चूक झाली, मान्य आहे. पण ज्या माणसानं आयुष्यभर शब्दावर माणसं नेली आणली, त्याला समोरच्याचा शब्द तपासायची बुद्धी कुठून होणार?

चार महिने तो माईक कॉलरला होता. पाचव्या महिन्यात मास्तरांना सहली मिळेनाशा झाल्या. विचारलं तर सध्या मंदी आहे. मंदी असेल, मास्तरांनी मान्य केलं. पण मंदीत कंपनीच्या गाड्या भरभरून कशा धावतात, हे काही त्यांना उमगेना.

घरात बसून बायकोशी वाद घालण्यापेक्षा ते बस पकडून तिसऱ्या गावाला जायला लागले. किल्ल्याच्या वाटेच्या तोंडाशी एका मावशीचं चहाचं दुकान होतं. वीस वर्षं मास्तरांचे पाहुणे तिथंच चहा प्यायचे, त्यामुळे मावशी त्यांना घरच्यासारखी. तिथं बाकावर बसायचं, पाणी बघायचं आणि बसनं परत यायचं.

एका दुपारी तीनच्या सुमाराला कंपनीची गाडी आली. ड्रायव्हर काच वर करून थंड हवेत बसून राहिला. गाडीतून एक आजी आणि त्यांची दहा-बारा वर्षांची नात उतरल्या, दोघींच्याही कानात इयरफोनची बोंडं. इकडं तिकडं न बघता त्या सरळ किल्ल्याच्या वाटेवर उतरल्या. मास्तरांनी हातातला चहा बाकावर ठेवला. भरती लागून तास होऊन गेला होता. जाताना घोटाभर, येताना कमरेच्या वर, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

मास्तर धावले. आजींपुढे आडवे उभे राहिले आणि परत फिरा म्हणाले. आजी ठाम होत्या. आमच्या गाईडनं सांगितलंय सरळ जा म्हणून, तुम्ही कोण? मास्तरांनी विचारलं, कुठं आहे तुमचा गाईड? तेव्हा नातीनं कानातलं एक बोंड काढलं आणि मास्तरांच्या कानाला लावलं.

आत बारीकसं खाकरणं ऐकू आलं. मग आवाज: "चला, आता निवांत चालत जा. पाणी घोट्याच्या वर येत नाही, हा माझा शब्द."

नात मास्तरांच्या तोंडाकडे बघत होती. "आजी," ती म्हणाली, "हेच आहेत ते."

आजी निमूटपणे परत फिरल्या. अर्ध्या तासात वाट पाण्याखाली गेली. आणि मग मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज चोरला तर चोरला. पोटावर पाय दिला, तोही गिळता आला असता. पण ते वाक्य त्यांनी चार महिन्यांपूर्वी, चोपडी बघून, ऐन ओहोटीला, समोरच्या चार माणसांना सांगितलं होतं. त्याच दुपारी तीनला आठवड्यानं तिथं छातीभर पाणी असतं! या शहाण्यांनी त्या एका दिवसाची सहल उचलली आणि वर्षाच्या सगळ्या दिवसांना चिकटवली. रोज दीपगृह, मग वखारी, मग जेवण, मग तीनला किल्ला. समुद्राला कळवलं असेल बहुधा पत्रानं.

दुसऱ्या दिवशी मास्तर कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसले. साहेबांनी त्यांना पडद्यावर पाहुण्यांनी दिलेले तारे दाखवले. लोकांना तुमचा आवाज किती आवडतो बघा मास्तर, म्हणाले. मास्तर म्हणाले, तारे राहू द्या, तीनची वेळ बदला. ते जमत नाही, साहेब म्हणाले, हॉटेलातलं जेवण दीडला ठरलेलं असतं. मग गाडीबरोबर माणूस पाठवा, मी नको तर दुसरा पाठवा. तेही जमत नाही, मग यंत्राचा उपयोग काय? मग माझा आवाज काढून टाका, मास्तर म्हणाले. त्यावर साहेबांनी तो कागद पुढे सरकवला. आवाज कंपनीचा होता, खाली मास्तरांची सही होती. चोर तो चोर आणि वर शिरजोर! उंटावर बसून शेळ्या हाकणारा हा माणूस, त्यानं ती वाट एकदासुद्धा पायानं तुडवलेली नव्हती.

मास्तर उठेनात, तेव्हा साहेब जरा नरमले. ठीक आहे, आपण एक सूचना घालू, गुरुवारी या आणि तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करून जा. मास्तरांना एवढंच हवं होतं. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, बघा, शांतपणे बोललं की ऐकतात लोक. हे तिनं सांगावं! पण त्या रात्री मास्तर तिच्याशीही भांडले नाहीत. जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी सूचना लिहिली, तीनदा खोडली, परत लिहिली. वाटेच्या डावीकडे एक काळा खडक आहे. त्याचा पाया कोरडा असेल तरच उतरा. परतताना पाणी खडकाला टेकलेलं दिसलं तर फोटो काढत बसू नका, तडक फिरा. बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

गुरुवारी भिंतींना गादी लावलेल्या एका छोट्या खोलीत त्यांना माईकपुढे बसवलं. मास्तरांनी खिशातून आपला कागद काढला. साहेबांनी तो हसून बाजूला ठेवला आणि दुसरा छापील कागद समोर ठेवला. या वेळी मास्तरांनी चष्मा लावला. कागदावर दोनच वाक्यं होती. इथून पुढे पाहुण्यांनी आपापल्या जबाबदारीवर जावं. काही झाल्यास मी किंवा कंपनी जबाबदार राहणार नाही.

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. "यात पाण्याचं काय आहे?" त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, पाणी, खडक, बुडणं असलं काही ऐकवलं तर लोक घाबरतात, सुट्टीला आलेली माणसं असतात. कायद्याला एवढं पुरतं.

"त्यांना पुरतं का?"

साहेबांनी माईक मास्तरांच्या तोंडाजवळ सरकवला.

"एकोणतीस वर्षं मी माणसं मोजून नेली आणि मोजून आणली," मास्तर म्हणाले. "जबाबदार नाही, असं मी कुणाला म्हणालेलो नाही. हे मी बोलणार नाही."

साहेब चिडतील असं वाटलं होतं. पण ते चिडले नाहीत. काही हरकत नाही मास्तर, म्हणाले, चहा घेऊन जा. एवढा गोडवा बघून खरं तर तिथंच पाल चुकचुकायला हवी होती.

तेव्हापासून मास्तर रोज भरतीच्या वेळी मावशीच्या दुकानाशी हजर. बंदराच्या कचेरीत तक्रार दिली होती, तिथं म्हणाले फलक लावलेलाच आहे. होता खरा. खाऱ्या हवेनं त्याच्यावरचं अक्षर न् अक्षर उडालं होतं. तेव्हा मास्तरच फलक झाले. उतरणाऱ्यांना हात करून थांबवायचे, खडक दाखवायचे. काही ऐकत, काही ऐकवून जात. मावशी गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायची, आमचे मास्तर आहेत, पदरचं भाडं भरून येतात, त्यांनी सांगितलं की मागे फिरायचं.

नवव्या की दहाव्या दिवशी एक तरुण जोडपं आलं. मास्तर तेव्हा नळावर तोंड धूत होते. वळून बघतात तो दोघं वाटेवर शंभर पावलं पुढे, आणि खडकाचा पाया पाण्यात. हाका मारल्या. त्यांच्या कानात बोंडं, त्यांना काय ऐकू येणार! मग मास्तर बूट-मोज्यांसकट पाण्यात उतरले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी शेवाळलेल्या दगडांवरून धावायचं म्हणजे काय, ते त्यांच्या गुडघ्यांना विचारा. त्यांनी त्या तरुणाला मागून दंडाला धरलं आणि दोघांना अक्षरशः ओढत परत आणलं. वाटेत दोन ठिकाणी लाट मांडीपर्यंत आली.

कोरड्यावर आल्यावर त्या तरुणाला तोंड फुटलं. बायकोदेखत दंड धरला होता ना. तुम्हाला अडवायचा अधिकार कुणी दिला, म्हणाला. आम्ही पैसे मोजलेत, आमचं आम्ही बघून घेऊ, गाईडनं आम्हाला सगळी कल्पना दिलेली आहे. आणि पुरावा म्हणून त्यानं फोन मोठ्या आवाजात लावून मावशीच्या फळीवर ठेवला.

खाकरणं ऐकू आलं. मग तोच घोगरा, मायेचा आवाज: "इथून पुढे पाहुण्यांनी आपापल्या जबाबदारीवर जावं. काही झाल्यास मी किंवा कंपनी जबाबदार राहणार नाही."

मास्तरांचा कानांवर विश्वास बसेना. ते वाक्य त्यांनी उभ्या जन्मात उच्चारलेलं नव्हतं. चार महिन्यांचं बोलणं यंत्रात भरून कंपनीनं मास्तरांचा आवाज नुसता चोरला नव्हता, त्याला बोलायला शिकवलं होतं. खाकरायचं कुठं, तेसुद्धा बरोबर. जे माणूस म्हणेना ते त्याच्या तोंडून वदवून घेतलं, आणि तोंड तिथं नव्हतंच! याला काय म्हणायचं? दरोड्याला निदान दार तरी फोडावं लागतं.

जोडपं तणतणत गाडीकडे गेलं. दुकानात मावशी फडकं हातात धरून उभी होती.

"मास्तर," ती म्हणाली, "हे असं तुम्ही बोलायला नको होतं."

"मी नाही बोललो."

"माझ्यासमोर वाजलं ते."

"मावशी, ते यंत्र आहे. त्यांनी बनवलंय ते. मी नाही म्हणालो होतो, म्हणून त्यांनी..."

"वीस वर्षं तुमचा आवाज ऐकतेय मी," मावशी म्हणाली. "मला नका सांगू." रागावली नव्हती ती, तिला वाईट वाटलं होतं. तिनं फळीवरचा मास्तरांचा अर्धा प्यायलेला चहाचा ग्लास उचलला, विसळला आणि आत जाऊन पाठमोरी काम करत राहिली.

मास्तरांची विजार मांडीपर्यंत भिजून पायांना चिकटली होती. ती तिला दाखवावी असं एकदा त्यांच्या मनात आलं. पण मग ते तसेच, बुटातलं पाणी न काढता, वाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. भरती उतरायला अजून बराच वेळ होता आणि वरच्या रस्त्यावर कंपनीची आणखी एक गाडी वळताना दिसत होती.